न फळलेल्या नवसाचे चोंगे

आबा, माझा लेक जाऊन वर्षही झालं नाही आणि काल मोहरमात, पंजे बसवतात त्या आशूरखान्यापुढे चोंगे वाटताना मी मोठ्यानं हसले. कुणाच्या तरी पोरानं अख्खा चोंगा तोंडात कोंबला आणि वर दोन्ही हात पुढे केले. गाल फुगलेले, बोलता येईना. मला आवरलंच नाही. चार बायकांनी वळून पाहिलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात हे कुणाला सांगू? अक्षर मी तुम्ही गेल्यावर शिकले, नवऱ्याकडून, म्हणून तुम्हाला कधी कागद लिहिला नाही. हा लिहितेय, तोही कुठं धाडायचा नाहीच.

लेक तापानं फणफणला होता तेव्हा मी तिथल्या पंजाच्या सवारीला गुळाचे चोंगे बोलले होते. तो उठला नाही. तरी काल सकाळी मी कणीक मळायला घेतली. सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "अगं, पोरगं उठलंच न्हाई, मंग नवस कशाचा फेडून राह्यली?" त्यांचं बराबर होतं. मी मळतच राहिले.

तुमची आठवण येत होती. माझा धाकटा भाऊ पटकीनं गेला ते साल. नवसाचं पोर म्हणून दर मोहरमात तुम्ही त्याला फकीर करायचात, गळ्यात हिरवा धागा बांधायचात. तो गेल्यावर पिंपळगावच्या अंगणात तुमचं मडक्यांचं चाक नुसतं पडून होतं, कालवलेल्या मातीला भेगा गेल्या होत्या. आणि मोहरमचा चंद्र दिसल्यावर तुम्ही आंघोळ करून, नेहमीसारखे अनवाणी, सवारी उचलायला निघालात. मी दारातच आडवी उभी.

"ज्यानं आपलं पोरगं राखलं न्हाई, त्याची सवारी कशाला उचलता?"

तुम्ही रागावला नाहीत. "देवाचं मला काय कळतंय, बाई," म्हणालात. "पर न्हाई उचलली तर दिवसभर ह्या हातांचं करू काय?"

मला ते उत्तर पळपुटं वाटलं. ते सगळे दिवस मी तुम्हाला ताट वाढलं नाही, आईनं वाढलं. सवारी थंडी झाली, मोहरम संपला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही चाक फिरवलंत, तेव्हा तर बाप असा कसा विसरतो म्हणून मी तुमच्याशी बोलणंच टाकलं. तुमचा खरंच विश्वास होता का, आबा, की नुसतं खांद्यावर काहीतरी हवं होतं? तेव्हा विचारायचं सोडून मी फुगून बसले. आता सांगणारं कुणी नाही.

काल टोपली रिकामी झाल्यावर मुजावर चाचांनी मोरपिसांचा कुंचा माझ्या डोक्यावर टेकवला. "क्या मंगना है, मंग ले बेटी," म्हणाले. मी डोळे मिटले. लेकाचं नाव तोंडात यायला हवं होतं. तो जिथं असेल तिथं सुखी राहू दे, एवढं तरी.

मी झोप मागितली, आबा. माझ्यासाठी. आणि लागली. आज सकाळी सासूबाईंना मला हलवून उठवावं लागलं.