डावी साखळी

८ जुलै १९८६
प्रिन्सिपलनं बोलावलं. बसा म्हणाला न्हाई, तिथंच ओळखलं. "कदम, यंदा कबड्डीची ढाल आणा. नसता मैदानावर बी.एड.ची बिल्डिंग उठती. अध्यक्ष साहेबांनी नकाशा काढून ठेवलाय." वर म्हणतो, तुमी तर सोन्याच्या दिवसांतले कॅप्टन, तुमाला काय अवघड.

सोन्याचे दिवस! विद्यापीठात आमचं नाव निघालं की समोरच्या पोरांची धोतरं सैल व्हायची. ढालीला दुसऱ्या कॉलेजचा रस्ताच ठावूक नव्हता. मग अठ्ठ्याहत्तरला नामांतराचा ठराव झाला, गावं पेटली, आणि हॉस्टेलची बौद्ध पोरं एकीकडं, खेड्यातली पाटला-देशमुखांची एकीकडं. तवापासून टीम न्हाई, नुसती सात माणसं उभी राहतेत. जुन्या ढाली स्टोअरमधी हायेत, मागं पाल व्यालीय.

मैदान गेलं तर मी कशाचा क्रीडा शिक्षक? शिपायांच्या सह्या तपासायला बसवतील.

१६ जुलै
निवड. निम्म्यांनी एस.टी.च्या पासापुरतं अ‍ॅडमिशन घेतलेलं. एक जण पळता पळता चप्पल हुडकायला थांबला. हाकलला.

दोन मात्र हिरे. सुदाम, काळा, किडकिडीत, घोटा धरला की सोडीत न्हाई. आणि दिगंबर, पाटलाचा, दूध प्यालेला गडी, छातीनं माणूस अडवतो. दोघं जिंतूर रोडच्या एकाच गावचे. एकाच गाडीनं आले. एक कंडक्टरपाशी बसलेला, एक पार मागं.

अशी जोडी आमच्या वेळीसुद्धा नव्हती. आज नीट जेवलो.

२१ जुलै
साखळीचा सराव. डाव्या कोपऱ्यात सुदाम, शेजारी दिगंबर. चढाईवाला आत आला की एकमेकाचा हात धरायचा आणि त्याला घेरायचं, बाळबोध गोष्ट. शिट्टी मारली. दोघंही हात खाली सोडून उभे. लग्नात रुसलेले व्याही बरे.

दिगंबरच्या अंगावर ओरडलो, "पाटीलकी घरी खुंटीला टांगून येत जा! हात धरल्यानं झिजणार हाय का तुझा?" मान खाली. पुन्हा शिट्टी. पुन्हा तेच.

मैदानाला पळायला लावलं, ओकेपर्यंत. दोघंही पळाले. हात मात्र धरला न्हाई.

२५ जुलै
अक्कल चालवली. दोघांच्या मधी खाजाला उभा केला. खाजा पिंगळीचा, पॅसेंजरनं येतो, तोंडाचा पट्टा बंद न्हाई. त्याचा डावा हात सुदामला, उजवा दिगंबरला. साखळी झाली! म्हणतो, "सर, दोनों हाथ पकडे तो मैं पसीना काय से पोछूं?"

म्हणलं, पुसू नको, गळू दे.

खाजा बाद झाला की दिगंबरनं गपचूप उजव्या अंगाला सरकायचं, असं ठरवून दिलं. जातीचा गुंता शिट्टीनं सोडवला म्हणायचा. मंत्र्यांना जमलं न्हाई ते.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. मला एक सुकलेला गुलाब आणि रिकामं मैदान. पोळ्याला गावी गेलेले बैलांसंगट तिकडंच राहिले. फक्त सुदाम हजर. एकटा गोणीला मिठी मारून पकडीचा सराव करायलाय.

"गावी गेला न्हाईस का रे?"
"पोळ्याला आमचं काय काम, सर."

त्याला आणखी अर्धा तास गोणी उचलायला लावली. चांगल्या पोराचा लाड केला की नासतो.

१३ सप्टेंबर
दिगंबरला घरी जेवायला बोलावलं. वळणावर आणायचाय. आमच्या वेळच्या गोष्टी सांगितल्या. आमच्या टीममधला हॉस्टेलचा नामदेव आणि मी कसे एका ताटात जेवायचो, एका चादरीत झोपायचो. (नामदेव आता कुठं हाय कुणास ठावूक. अठ्ठ्याहत्तरनंतर पत्र न्हाई.) पोरगं ऐकत होतं, भाकरी चिवडत होतं.

तो गेल्यावर आमची मंडळी, सुमन, भांडी उचलता उचलता म्हणाली, "आणि त्या दुसऱ्याला का न्हाई बोलावलं?"

"सुदामला? त्याची कसली अडचण? अडून बसलाय तो हा पाटलाचा."

"विचारलंत का त्याला?"

बायकांना कबड्डीतलं काय कळतंय.

४ ऑक्टोबर
परभणीची फेरी जिंकली. समोरचे अक्षरशः रडले. त्यांचा एक जण हाताला लागलं म्हणून बसला, मी म्हणलं, "काय रे, बांगड्या पिचकल्या का?" सगळं मैदान हसलं. लय दिवसांनी लोक हसले आमच्या बाजूनं.

खाजा बाद झाल्यावर दिगंबर उजवीकडं पळतो ते एका मास्तरनं हेरलं. "कदम सर, तुमची डावी साखळी मधीच तुटती की हो." म्हणलं, तुमची तर जुळतच न्हाई.

पण बोचलं. शहाणा मास्तर असो की शहाणा चढाईवाला, एक ना एक दिवस तिथंच बोट घालणार.

९ नोव्हेंबर
दिवाळी झाली. दिगंबर आपण होऊन आला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "सर, पुढं मी हात देईन. काका काय म्हणायचं ते म्हणू द्या."

त्याचा काका संस्थेत संचालक हाय. पोरगं खरंच घाबरलेलं होतं. पाठीवर थाप मारली. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला लिहू. सुमनला हाक मारून सांगितलं, बघ, आणला का न्हाई वळणावर!

आता ढाल आपली.

१९ नोव्हेंबर, सेलू
फायनल. जिनिंगच्या शेजारचं मैदान, कापसाचे पुंजके उडून पोरांच्या घामाला चिकटायलेत. अध्यक्ष साहेब जीपनं आले, संगं दिगंबरचा काका. पुढच्या खुर्च्यांवर बसून शेंगा खात होते.

शेवटची चढाई. आमी दोन गुणांनी पुढं. खाजा बाद, बाकीचे बाद. आत दोघंच, सुदाम आणि दिगंबर. आता कोण कुठं सरकणार?

घसा फाडून ओरडलो, "हात धरा!"

दिगंबरनं हात पुढं केला. काकाच्या डोळ्यादेखत केला. मी बघितलं.

सुदामनं त्या हाताकडं बघितलं आणि घेतला न्हाई.

एकटाच घुसला घोट्यावर. हात तसाच पुढं धरून दिगंबर बावळटासारखा उभा, त्याला जाता जाता शिवलं. सुदामनं घोटा सोडला न्हाई, चढाईवाल्यानं त्याला फरफटत रेषेपर्यंत नेला, गुडघा फिरला तो मला बाहेर ऐकू आला. रेषेला बोट लागलं. दोघं बाद, त्याचे दोन; आख्खी टीम गेली म्हणून वर लोणाचे दोन. दोन गुणांनी गेलो.

हात धरला असता तर तो गडी जागचा हलला नसता. शंभर वेळा करून घेतलेली पकड.

२० नोव्हेंबर
काल लिहवलं न्हाई पुढचं. लिहितो.

सामना संपल्यावर सगळ्यांसमोर सुदामच्या कानाखाली वाजवली. तो एका पायावर उभा होता, पडला. उठवला न्हाई मी. "कुणाच्या बापाची ढाल घालवलीस?" म्हणालो.

भिंतीला धरून उठला. शांत आवाजात म्हणाला, "सर, चार महिने तुमी ह्याला समजावलं. मला एकदाबी विचारलं न्हाई. आमचं घर पेटवलं तवा ह्याच्या हातात कंदील होता. काकाला उजेड दावत होता. शेळी आत बांधलेली होती आमची."

दिगंबर म्हणाला, "मी लहान होतो, सुदाम."

"मीबी."



बाहेर दिगंबरचा काका अध्यक्षांना सांगायलाय, "बरं झालं त्यानंच घेतला न्हाई. आमच्या पोरानं बट्टाच लावला असता." आणि हसले दोघं. शेंगा संपल्या नव्हत्या अजून.

चार महिने नको त्या पोराची मनधरणी केली. पण मला सांगा, कंदिलाचं मी काय करू? मी कबड्डी शिकवतो. खेळायला आलास तर खेळ की!

२३ नोव्हेंबर
सुदामला सायकलवर घालून हाड बसवणाऱ्या पैलवानाकडं नेलं. डावा गुडघा नारळाएवढा. पैलवान म्हणाला, "मास्तर, सरळ चालंल पोरगं. पण डावीकडं झटक्यात वळला की दगा देईल, जन्मभर." तेल दिलं. हॉस्टेलवर जाऊन मीच चोळलं.

गालावर अजून वळ हाय.

१ डिसेंबर
प्रिन्सिपलनं लेखी मागितलं, फायनल का गेली. काय लिहिणार? कंदील? शेळी? लिहिलं, "खेळाडू सुदाम याची मैदानावरील बेशिस्त." सही केली. संध्याकाळी पुन्हा तेल चोळायला गेलो. त्याला कळलेलं होतं. पाय पुढं केला न्हाई.

म्हणलं, "दे की पाय."
म्हणाला, "राहू द्या, सर. मी चोळीन."

८ डिसेंबर
सुदाम नाव काढून नांदेडच्या कॉलेजात गेला. सुमन म्हणते, तुमी त्याला दोनदा मारलं. असंल.

मैदानाचा निकाल लागला. अर्ध्यात बी.एड.चा पाया, अर्धं आमाला, तेबी एकच वर्ष. अध्यक्ष म्हणाले, "दुसरा नंबर म्हणजे पंगत उठल्यावर आलेला पाहुणा, कदम. पुढच्या साली ढाल न्हाई तर उरलेल्यात सायकल स्टँड."

१८ सप्टेंबर १९८७
अर्ध्या मैदानावर पुन्हा तोच खेळ. चढाईवाला रेषेबाहेर गेला की गिलाव्याच्या वाळूत पडतो. नवीन पोरगा मिळालाय, भास्कर, सेलूचा, माशावानी सुळकन निसटतो. दिगंबर कॅप्टन. खाजाला आता कुणाच्या मधी उभं राहायचं काम न्हाई; म्हणतो, सर, अब दोनों हाथ खाली हैं. हसलं न्हाई कुणी.

डाव्या कोपऱ्यात चौघं बदलून बघितले. एकाच्याही हाताला घोटा लागत न्हाई.

१४ नोव्हेंबर
फायनलमधी पोचलो. यंदा स्पर्धा आपल्याकडंच, उद्या आपल्याच मैदानावर. समोर कोण? नांदेड. कॅप्टन सुदाम, डावा कोपरा.

त्यांची सेमी बघितली. पोरगं काय खेळतंय! तिघं घोट्यावर झोपवले. पण माझी नजर गुडघ्यावर. डावीकडं वळायची पाळी आली की आधी टाच टेकवतो, मग वळतो. एवढासा वेळ जातो. दुसऱ्या कुणाला दिसणार न्हाई. ते तेल मी चोळलंय.

पोरांना गोळा केलं. भास्करला सांगितलं, "त्याला आधी आत ओढ, मग एकदम त्याच्या डाव्या अंगाला जा. झटक्यात वळू दे त्याला. पहिल्या तीन चढाया तिथंच."

"मग काय व्हईल, सर?"
"गुडघा जाईल. तो बाहेर, ढाल आत."

दिगंबर म्हणाला, "सर, गुडघा नको. तसं जिंकू आमी."

मी म्हणालो, "तुझ्या काकानं घर सोडलं न्हाई, आणि तू गुडघा सोडायलास व्हय रे?"

पोरगं पांढरं पडलं. बोलून गेलो, पण परत घेतलं न्हाई. परत घेतलं तर सामना जातो.

दिवेलागणीला सुदाम आला. एकटाच. पाया पडला न्हाई, जयभीम म्हणाला. अंगानं भरलाय. सुमननं चहा दिला, त्यानं सगळा प्याला. सुमन त्याच्या शेजारी बसली, माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई तिनं.

नवीन पायाकडं बघून म्हणाला, "अर्धं गेलं की हो मैदान, सर."

"उरलेलं तुझ्याच हातात हाय," म्हणलं. हसला. मग मीच विचारलं, "गुडघा कसा हाय?"

"एकदम बरा, सर. तुमच्या तेलानं."

खरं बोलला का हूल दिली, कळलं न्हाई. हूल द्यायची मीच शिकवलीय त्याला.

निघाला तसा मी वऱ्हांड्यात जाऊन उभा राहिलो. त्याची चाल बघत. लंगडावा, एक तरी पाऊल लंगडावा, असं मनात चाललेलं. सरळ चालत गेला, फाटकापर्यंत. त्याला ठावूक असणार मी बघतोय. फाटकाबाहेर डावीकडं वळला. ते वळणं तेवढं भिंतीआड गेलं.