गाडी नाल्यात, बायको पायरीवरून

४ फेब्रुवारी, सकाळ
काल इचोड्याच्या फाट्यावर गाडी नाल्यात गेली. चूक रस्त्यात आडव्या आलेल्या बैलाची. बायकोचा, गयाचा, पाय मोडला. मले खरचटलं बी नाही. कंट्रोल म्हंतात ते हेच! आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? ॲक्सिडेंट म्हटलं की पोलीस केस. झटक्यात सांगितलं, घराच्या पायरीवरून पडली. डोकं पाह्यजे राजा.

५ फेब्रुवारी
परवा ऑपरेशन, रॉड टाकतात. पैसे आधी भरा म्हणे. टेन्शन नाही. गाडीच्या पॉलिसीत, आत बसणाऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च हाय, एक्स्ट्रा पैसे भरून घेतला. गयाचा भाऊ, मावला गावचा साळा राजकुमार, पैसे देतो म्हणे. नाही म्हटलं. जावयानं साळ्यापुढं हात पसरावा काऊन? आजपासून रोज पॉलिसीचं एक पान वाचणार.

६ फेब्रुवारी
अर्धं पान झालं. अक्षर लय बारीक. झोप लागली.

७ फेब्रुवारी, दुपार
इन्शुरन्स ऑफिसात गेलो. प्रगती मॅडम म्हणाल्या, कव्हर तर हाय, पण दवाखान्याच्या कागदावर पायरी लिहिली हाय. मी नाल्यातल्या गाडीचा फोटो दाखवला. म्हणाल्या, पॉलिसी गाडीची हाय, तुमच्या पायरीची नाही. बाईले काही समजत नाही.
पैसे नाही भरले. ऑपरेशन पुढं गेलं.

८ फेब्रुवारी
डॉक्टरले म्हटलं, पायरी खोडा. लय भडकला. आधी पोलिसात खरं सांगा म्हणे. पोलीस बैल कोणाचा विचारतीन! गया म्हणते, बैल नव्हताच, तुमी फोनवर बोलून राह्यले होते. तिच्या डोक्यालेबी मार लागला वाटते.
रात्रभर कण्हत होती. मले ऐकवेना, बाहेर बाकड्यावर जाऊन बसलो. उद्या नक्की पोलिसात जातो.

९ फेब्रुवारी
चहा पिऊन निघणारच होतो. राजकुमारनं मले न विचारता पैसे भरले. ऑपरेशन झालं. बरं झालं, पण विचारायला पाह्यजे होतं.

११ फेब्रुवारी
गयानं राजकुमारच्या हातून पोलिसाले बोलावून घेतलं. खाटेवरूनच सगळं सांगितलं. दहा मिनिटांचं काम. डॉक्टरनं कागदावर तसं लिहून दिलं, मॅडम म्हणाल्या आता फाईल पुढं पाठवतो. पोलीस मले काहीच बोलला नाही. गयाले तेवढं विचारलं, लय दुखते का माय?
मी आठ दिवसांत हे नाही विचारलं.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
सुट्टी झाली. दोस्त भूषणची गाडी मागून आणली, धुतली, मागच्या सीटवर गादी टाकली. गया भावासंगं ऑटोत बसून मावल्याले माहेरी गेली. पाय बरा झाला की येतो म्हणाली. कधी, ते नाही सांगितलं.