सिंगापूरची रंगीत तालीम

हळर्ण, पेडणे

ती. दत्तप्रसाददादांना गोकुळदासचा वाकून नमस्कार.

देवाच्या कृपेने इकडे सगळं क्षेम आहे. ('सगळं' हा शब्द थोडा सैल धरावा.) तुमचा खोकला गेला का? गेला नसेल तर थंड सोलकढी बंद करा, असं तुमची बहीण विनोदिनी मागे म्हणत होती.

तर विषय आमच्या सिंगापूरचा. लग्नात विनोदिनीला मी सिंगापूर दाखवायचं कबूल केलं होतं, त्याला तुम्ही साक्षीदार आहात. (भर मांडवात नवरदेव काहीही कबूल करतो.) नंतर अडचण एकच आली, मोकळा महिना मिळाला नाही. उन्हाळ्यात काजू, पावसात शेत, मग चतुर्थी, आणि चतुर्थी संपली की जत्रेच्या नाटकाच्या तालमी. नाटक मी बसवतो, तेव्हा मला हलता येत नाही. आता मी निवृत्त झालो, परेश नोकरीला लागला, सून सुविधा घर चोख बघते. शिवाय मोप्याला विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या माडांवरून जातात. विमान गेलं की विनोदिनी हातातली कोयती ठेवून आधी वर बघते आणि मग माझ्याकडे बघते. कोयती जवळच असते.

म्हणून यंदा जायचं पक्कं केलं. पण दादा, रंगीत तालीम केल्याशिवाय मी आजवर पडदा उघडलेला नाही. मग दोन अननुभवी माणसं थेट परदेशात कशी उतरवायची? म्हणून हरमलला समुद्राकाठी चार दिवसांची खोली घेतली. तिथे गोरे लोक मुबलक, पाट्या अनोळखी, आणि ताटात काय आलं ते विचारल्याशिवाय कळत नाही. परदेश म्हणून जागा उत्तम. नियम मी घालून दिले: ओळखीचं कोणी दिसलं तरी हाक मारायची नाही, मासळी मागायची नाही, काट्याचमच्याने खायचं, आणि मी फुलाफुलांची हाफपँट घालायची. (ती तुमच्या बहिणीने निवडली. तिचा त्यात सूड असावा.)

पहिल्या दिवशी विमानतळाचा प्रवेश बसवला. न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून मी अधिकारी झालो आणि इंग्रजीत विचारलं, येण्याचा हेतू काय? तिने सांगितलं, नवऱ्याला त्याचा शब्द पाळायला लावणे. असं उत्तर तिथे चालत नाही म्हणून मी तिला दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला ती स्टुलासकट मला बाजूला सारून आत गेली आणि कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला, तशी सगळे नियम मोडून उंडे पाव घ्यायला अनवाणी धावली. सिंगापुरात पोदेर नसतो, हे मी तिला समजावलं. तिने एक गरम उंडा माझ्या तोंडात कोंबला आणि विषय संपला.

संध्याकाळी मात्र वाळूत खुर्च्या टाकून बसलो. एका मुलीने चहा आणून दिला. विनोदिनी म्हणाली, लग्न झाल्यापासून बसल्या जागी चहा मिळतोय तो आज पहिल्यांदा. दादा, मला फार बरं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. तेवढ्यात देवस्थान समितीचे अनंतबाब रिक्षातून उतरले. घरी मी नुसतं 'तालमीला जातो' म्हणालो होतो. पण तालमीला बायको आणि दोन बॅगा घेऊन कोण जातं? गावात बातमी, सुनेशी भांडून म्हातारा-म्हातारीने घर सोडलं. अनंतबाब माझ्या हाफपँटकडे बघत गहिवरले. "गोकुळदासा, ह्या वयात असा घर सोडूचा नाय रे! सून सकाळपासून जेवूक नाय."

मी 'ही तालीम आहे' म्हणालो, तर त्यांनी डोळे पुसले. माझं डोकं फिरलंय अशी त्यांची खात्री झाली. शेवटी त्यांच्याच रिक्षातून घरी आलो. सुविधाला जेवायला घातलं, आणि गावाला खरं सांगितलं. कोणाला पटलेलं नाही. एकंदरीत तालीम उत्तम झाली. तरी काही जागा अजून कच्च्या आहेत, तेव्हा नाटक पुढच्या वर्षावर टाकावं असं माझं मत आहे.

घरच्यांना यथायोग्य सांगावे.

तुमच्या बहिणीने पत्करलेला,
गोकुळदास

ता. क. वर 'घरी आलो' लिहिलंय, ते माझ्यापुरतं. विनोदिनी हरमललाच आहे. मी 'पुढचं वर्ष' म्हणताच ती म्हणाली, "तुम्ही तालमी करीत रवा. माका नाटकाची तारीख गावल्याशिवाय मी हयसून हलूचंय नाय." बाकी आनंदात आहे म्हणे. चहा बसल्या जागी मिळतो.

ता. क. २. आत्ताच सुविधाने सांगितलं की विनोदिनीने खोलीत बसूनच म्हापशाच्या सहलवाल्यांकडे सिंगापूरच्या दोन जागा धरल्या आहेत. दुसरी जागा तुमच्या सौभाग्यवती वत्सलावहिनींसाठी. फोन न करता हेही पत्रातच लिहून आजच हातोहात पाठवतोय, कारण तुमच्याकडे फोन वहिनी उचलतात. नाव बदलायला शुक्रवारपर्यंत मुदत आहे. दादा, वहिनींना कसंही करून थांबवा. काशीला न्या, नव्या पाटल्यांचं वचन द्या, हवं तर तुमचा खोकला वाढवा. काजू गेले खड्ड्यात, नाटक दुसरं कोणी बसवील. मला जायचंय हो. तिच्याबरोबर, आणि तालमीशिवाय.