हळदीच्या हातांचा पेपर

प्रिय वहिनी,

तू गेलीस त्याला आता अकरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कितीदा तरी मनात आलं आणि दर वेळी मी दुसरंच काही लिहायला घेतलं. आज टाळता येत नाही. आपली ‘कॉलेजवाली’ परत आली आहे. हो, तीच मालिका! लाल गाडीचा पोट्टा आणि दोन वेण्यांची पोट्टी. आता ती मोबाइलवर बघता येते, आणि तेव्हा आमच्या वयाच्या असलेल्या मुली, म्हणजे आजच्या चाळिशीतल्या बाया, तिच्याबद्दल भरभरून लिहीत आहेत. एका मासिकाच्या संपादकांनी मला विचारलं, या मालिकेचं एवढं कौतुक व्हावं अशी ती खरंच होती का, यावर लेख द्याल का?

मी लगेच हो म्हटलं. सगळे भाग ओळीनं पाहायचे, वही घेऊन बसायचं, टिपणं काढायची. आणि शेवटी तो एक प्रसंग लिहायचा, जो मी आयुष्यभर विसरले नाही.

तुला आठवतो ना? वेणीवालीचं लग्न बापानं परीक्षेतच ठरवलेलं. दारात मांडव, अंगाला हळद लागलेली. ती मागच्या दारानं निघते आणि तशीच पेपरला जाऊन बसते. उत्तरपत्रिकेवर जिथं जिथं हात टेकेल तिथं पिवळी बोटं उमटतात. वर्गावरच्या मास्तरीण बाई येऊन बघतात, आणि एक कोरी पुरवणी तिच्यापुढे ठेवतात.

वहिनी, मी सगळे भाग पाहिले. तो प्रसंग त्यात नाही.

नाहीच! परत मागे जाऊन पाहिलं, एखादा भाग सुटला का म्हणून मोजून पाहिलं. त्या कॉलेजात कुणी अभ्यासच करत नाही. नाच आहे, सहल आहे, रुसवे आहेत, कँटीन तर रोज आहे. एवढ्या भागांत परीक्षा एकदाही येत नाही. पोट्टा तिच्या मागं मागं फिरतो आणि त्याला प्रेम म्हणतात. तिला डॉक्टर व्हायचं असतं, ते पाचव्या भागानंतर तिच्यासकट सगळे विसरून जातात. चांगलं काहीच नाही असं मात्र नाही. दोघी मैत्रिणींचं भांडण आणि नंतर बसथांब्यावरचं त्यांचं शेजारी बसणं मी आजही दोनदा पाहिलं. पण हळदीचे हात? ते मी पाहिलेच नव्हते. ते मी ऐकले होते. तुझ्या तोंडून, आपल्या धानाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात.

रोवणीचे, धान लावणीचे दिवस होते. मी चंद्रपूरला शिकत होते, होस्टेलवर टीव्ही नव्हता. रविवारी सिंदेवाहीच्या बसनं गावी आले की चहाची किटली घेऊन बांधीवर यायचे. गावात टीव्ही चार, त्यातला एक आपल्याकडे, म्हणून बायांना मालिका सांगण्याचं काम तुझ्याकडे आलेलं. रोवणीची गाणी त्या वर्षी मागेच पडली. तू बोलायला लागलीस की तुझे हात मंदावायचे, आणि दोन्ही बाजूच्या बाया तुझ्या वाट्याचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावत जायच्या. ओळ कधी वाकडी झाली नाही. संध्याकाळी विजेची लाइन जायची, अर्धा भाग अंधारात जायचा, तरी सकाळी तुझ्याकडे पूर्ण गोष्ट असायची. ती कुठून येते, असं कुणी विचारायचं नाही.

मी विचारलं. आणि नुसतं विचारून थांबले असते तरी चाललं असतं!

एक भाग आपण दोघींनी सोबत पाहिला होता. त्यात लाल गाडी बंद पडते आणि पोट्टा फोन करून मित्राला बोलावतो. दुसऱ्या दिवशी तू बांधीत सांगितलंस, गाडी चिखलात फसली, पोट्टा एका शेतकऱ्याकडे बैल मागायला गेला, आणि शेतकरी म्हणाला, आधी चार ओळी रोवून दे. बाया हसून हसून चिखलात बसल्या. मीही हसले. आणि होस्टेलवर परत जाऊन लेख लिहिला.

‘एवढा गाजावाजा कशासाठी?’ चंद्रपूरच्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत माझा पहिला लेख. मालिका कशी खोटी आहे, खेड्यातल्या बाया कशा तिच्या नादी लागल्या आहेत, हे सगळं लिहिलं. शेवटी उदाहरण म्हणून तुला घेतलं. तुझं नाव घातलं नाही, याचंच मला तेव्हा केवढं कौतुक! ‘आमच्याच घरातली एक निरक्षर सून’ असं लिहिलं. बैलांचा प्रसंग लिहिला. ‘जे पडद्यावर नाही ते ही सांगते आणि बाया खरं मानून हसतात,’ असं लिहिलं.

निरक्षर. मला माहीत होतं की तू निरक्षर नाहीस. होस्टेलवर येणाऱ्या घरच्या पत्रांत खालच्या चार ओळी तुझ्याच हातच्या असायच्या. पण वाक्य लिहिताना ‘शिकलेली सून’ बरं दिसेना. लेख उठून दिसावा म्हणून मी तुझं शिक्षण पुसून टाकलं. एवढं सोपं होतं ते.

भाऊनं पानठेल्यावरून पेपर आणला, घरात सगळ्यांना वाचून दाखवला. माझं नाव छापून आलं म्हणून त्याला आनंद. आपल्याच बायकोबद्दल आहे हे त्याला अर्ध्यावर कळलं, तेव्हा तो अजूनच हसला. तू चुलीपाशी होतीस, हे आईनं मला नंतर सांगितलं. पुढच्या रविवारी मी बांधीवर आले तेव्हा शेजारच्या सुमनकाकूंनी तुला डिवचलं, “काऊन वो, आज टीव्हीतलं सांगशीन का मनचं?” तू मान वर न करता म्हणालीस, “लाइन नवती.”

त्यानंतर कुणीही विचारलं तरी तेच. लाइन नवती. आठ दिवस लाइन एकदाही गेली नाही तरी, लाइन नवती. तू रोज आपली ओळ आपणच लावायला लागलीस.

मी परत निघाले त्या दिवशी तू बसपर्यंत आलीस. नणंदेला मान द्यायचा म्हणून माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी असून तू मला ‘बाई’ आणि ‘तुमी’ म्हणायचीस, आणि मी तुला खुशाल अगं-तुगं करायचे. तू घडी केलेला तो पेपर काढलास. ‘निरक्षर’ शब्दाखाली पेनानं रेघ होती, सरळ, पट्टी लावून मारलेली.

“बाई, बाकी लिवलं ते लिवलं,” तू म्हणालीस. “पण मी अडाणी नाई ना. दहावीचे दोन पेपर देले मी. तेवढं त्या पेपरवाल्याइले सांगसान का?”

मी म्हटलं, सांगते. दुरुस्ती छापतात, पुढच्याच रविवारी येईल.

सांगितलं नाही, वहिनी. पहिल्याच लेखात चूक निघाली हे संपादकांना कोणत्या तोंडानं सांगायचं, असं वाटलं. नंतर उशीर झाला. नंतर वाटलं, तू विसरली असशील. दोन-तीन रविवार तू भाऊला पुरवणी आणायला सांगायचीस, हे मला आईकडून कळलं होतं. तरीही!

आणि दोनच पेपर का, हे मी कधी विचारलं नाही.

परवा भाऊला फोन केला. विचारलं, तुझ्या लग्नात वहिनीची परीक्षा होती का रे? म्हणाला, “होती म्हणे. तिच्या बाबानं तारीख बदलवली नाई. गणिताच्या पेपरच्या दिवशी हळद होती. दिवसभर रडली म्हणत. मले तवा काय मालूम?” मग तोच म्हणाला, “तुले काऊन पायजे आता?”

मी फोन ठेवला. तुझ्या बैलांची थट्टा करणारी मी, हळदीच्या हातांबद्दल मला साधी शंकाही आली नाही! एका कॉलेजातल्या भाषणात मी तो प्रसंग सांगितला होता, मालिकेतला म्हणून. टाळ्या मी घेतल्या.

बांधीत तो प्रसंग सांगताना तू कशी उभी होतीस, हे आता सारखं डोळ्यांपुढे येतं. पऱ्ह्याची पेंडी हातात, ओढ्याकडे तोंड. कोरी पुरवणी ठेवली असं म्हणालीस आणि थांबलीस. सुमनकाकूंनी विचारलं, मंग पास झाली का? तू म्हणालीस, “निकाल यायचा हाय अजून.”

वहिनी, संपादकांना मी लेख देणार आहे. ती मालिका एवढ्या कौतुकाच्या लायकीची नव्हती, असं स्पष्ट लिहिणार आहे. आमच्या गावानं पाहिली ती वेगळी होती, हेही लिहीन. पण त्याआधी सगळ्यात वर दुरुस्ती येईल, तुझ्या पूर्ण नावानिशी: माझ्या पहिल्या लेखातली सून दहावीपर्यंत शिकली होती, दोन पेपर तिनं दिले होते, आणि निरक्षर हा शब्द मी जाणूनबुजून खोटा लिहिला होता.

आणि येत्या रोवणीला मी गावी येईन. किटली घेऊन नाही, तुझ्या जागेवर उभी राहायला. माझी ओळ वाकडी जाईल, सुमनकाकू बोलतील, बोलू देत. हळदीच्या हातांचा भाग मी सुरुवातीपासून सांगीन. त्यांनी विचारलं, टीव्हीतलं का मनचं, तर सांगीन, वहिनीचं.

तुझीच,
बाई