दोन राजांचा कायदा आणि माझं लग्न

अण्णा, तुम्ही गेल्यावर आपल्या घरात वकील उरला नाही, आणि मला वकील लागला तो कुवेतमध्ये, लग्न ठरताना. तालुक्याच्या कोर्टात उभी हयात घालवलेले तुम्ही घरीही कोर्टच चालवायचात. मांजराने दूध सांडलं तेव्हा आई लाटणं घेऊन धावली, तर तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा धरून म्हणालात, "पाहिलं कुणी? नाही ना? मग संशयाचा फायदा मांजराला!" इंग्रजांनी आपल्याला दोनच चांगल्या गोष्टी दिल्या, कायदा आणि चहा, असं तुम्ही म्हणायचात आणि चहा थंड करून प्यायचात.

मी कुवेतच्या जाब्रिया भागातल्या इस्पितळात एक्स-रे काढत होतो. तिथली एक नर्स मॉरिशसची, पण मराठी. पणजोबा कोकणातून ऊस तोडायला गेलेले. लग्नाचं ठरलं आणि तिच्या वडिलांचा फोन आला. "जावईबापू, मालमत्ता एकत्र की वेगळी?" मला वाटलं, एकत्र कुटुंबाबद्दल विचारतायत. "एकत्रच! आई आमच्याजवळ राहील." पलीकडून जपून प्रश्न आला, "आईंची मालमत्तासुद्धा?"

शेवटी एका संध्याकाळी तिने मला तिथल्याच अब्बासिया भागातल्या हॉटेलात बसवून समजावलं. "आमच्या बेटावर आधी फ्रेंच आले, त्यांनी घरादाराचा, लग्नाचा कायदा लिहिला. नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र की वेगळी, हे त्यात लग्नाआधीच ठरवावं लागतं. मग इंग्रजांनी त्यांना हरवलं, पण तो कायदा तसाच ठेवला. कोर्टाची रीत मात्र स्वतःची आणली. म्हणून आमच्याकडे लग्न फ्रेंच आणि खटला इंग्रजी."

"आणि निकाल पटला नाही तर?"

"शेवटचं अपील लंडनला."

"अजून? स्वातंत्र्य मिळालं ना तुम्हाला?"

"मिळालं की. पण घरचे न्यायाधीश सगळ्यांचे कुणी ना कुणी लागतात!"

तुम्ही हे ऐकून टेबलावर थाप मारली असती. मला मात्र घाम फुटला होता, कारण तिचे वडील उत्तराशिवाय तारीख धरेनात. तिनेच विचारलं, "तुझ्याकडे आहे तरी काय?" गावचं घर आईच्या नावावर. माझी एक स्कूटर, आणि वाळवीने अर्धे खाल्लेले तुमचे कायद्याचे ग्रंथ. "मग वेगळी," ती म्हणाली. "वाळवी तुझ्याकडेच राहू दे." लग्न झालं, सुखाचं झालं.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी, तिने निकाल देण्याआधी, मी घरी फोन लावला होता. आईने उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णांना दे जरा." आई म्हणाली, "ते कोर्टात गेलेत." मी म्हणालो, "बरं, आले की सांग."