पहिली पाच मिनिटं

पोपोली, शनिवार, ८ मे २००४

प्रिय एर्मान्नो,

तू, वहिनी आणि वालेरियो मजेत असाल. मी बरा आहे. आईची कंबर सुधारली. परवा तिने चीज-अंड्याचे गोळे केले, तुझ्या नावाचे चार बाजूला काढले आणि शेवटी मलाच खायला लावले.

फोन केला की तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. आमच्या संघाचं सामान सांभाळणारा रोक्को आजच पुढे तुमच्या गावी निघालाय, त्याच्या हाती देतो. फाडायचं असेल तर वाचून फाड.

उद्या तुमच्या गावच्या संघाकडून हरलो तर आमचा क्लब खालच्या वर्गात जाणार आणि माझी प्रशिक्षकाची नोकरीही. पण झोप त्याने उडालेली नाही. काल सामन्याआधीच्या मुक्कामासाठी इथे हॉटेलात आलो. नुसतं तेल घातलेला पास्ता चिवडत मी पोरांना सवयीने म्हणालो, "त्यांच्या नऊ नंबरच्या स्ट्रायकरला पहिल्या पाच मिनिटांत एक दणका द्या. पहिल्या दणक्याला पंच कार्ड काढत नाही." तेरा वर्षं बचावफळीत मी तेच केलं, दुसरं मला येतं काय?

"मिस्टर, उठणारच नाही बघा तो!" दोनातो म्हणाला. माझा एकोणीस वर्षांचा बचावपटू.

त्यांचा नेहमीचा नऊ नंबर आजारी आहे आणि त्याच्या जागी आपला वालेरियो खेळणार, हे मला आज सकाळी पेपरात दिसलं. कॉफी तशीच टाकून उठलो. सगळ्यांना गोळा करून म्हटलं, कालचं रद्द.

"पुतण्या निघाला म्हणून?" दोनातो फिस्कारला. "मागच्या रविवारी ज्याला झोपवला, तो कुणाचाच पुतण्या नव्हता वाटतं!"

मग सांगून टाकलं. एर्मान्नो, तेरा वर्षांपूर्वी आपण समोरासमोर खेळलो त्या सामन्यात चिखलात माझा पाय घसरला नव्हता. तुझा गुडघा मी जाणूनबुजून मोडला. तुला बघायला त्या दिवशी मोठ्या क्लबचा माणूस आला होता, आणि मला बघायला कधीच कुणी येत नव्हतं. बावीस जणांनी हे ऐकलंय. त्यातल्या एकाची मावशी तुमच्या गल्लीत राहते. तुला ते तिच्याकडून कळू नये.

हे लिहिल्यावर जरा हलकं वाटेल असं वाटलं होतं. छे. कारण पोरांनाही मी अर्धंच सांगितलं. म्हणालो, आमच्या तेव्हाच्या मिस्टरचा, म्हाताऱ्या प्रशिक्षकाचा, हुकूम होता. साफ खोटं. म्हाताऱ्याने उलट मला मैदानावर जायच्या बोगद्यात अडवून बजावलं होतं, "ओरेस्ते, भाऊ आहे तुझा. त्याच्या वाटेला जायचं नाही." मी मान डोलावली आणि मैदानात गेलो.

आज दोनातोनेही शेवटी मान डोलावली. नजर बुटांवर. पोरगा वाईट नाही, पण त्यालाही बघायला कुणी येत नाही. ती मान मी ओळखतो रे.

त्याचं नाव मी यादीतून खोडलंय. त्याच्या जागी छत्तीस वर्षांचा गडी आहे, त्याला धड पळता येत नाही. वालेरियो त्याला दमवून सोडेल आणि आम्ही बहुतेक हरू. अध्यक्षांना काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

तू मैदानावर ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. मुलगा तेवढा दोन्ही पायांवर घरी पाठवतो.

माफी मागायला तेरा वर्षं उशीर केलेला,
तुझा भाऊ
ओरेस्ते