छोट्या हौद्याची गाडी

प्रिय कोरीन,

माझं सगळं फिरलं ते बिलिंग्जला, जुन्या पिकअप विकणाऱ्या त्या माणसाच्या आवारात, तू छोट्या हौद्याच्या गाडीवर हात ठेवून "हीच घे ना, डाल्टन" म्हणालीस तेव्हा. शेजारी आठ फुटी हौद्याची उभी होती. दाराशी गंजलेली, पण कामाची. मी तिच्याखाली आडवा होऊन सगळं बघून आलो होतो, पाठीला खडी चिकटली होती. ती झटकत तू म्हणालीस, "ही आगगाडी मी गावात लावू कुठे?" विकणारा हसला, मीही हसलो. तुझा हात पाठीवर असताना मला काहीही पटतं, हे तुला पहिल्यापासून ठाऊक.

बेत काय होता ते लिहितो, कारण हल्ली तू तो विसरल्यासारखी बोलतेस. तुझ्या बाबांचा राहण्याचा जुना ट्रेलर आपल्या गाडीला जोडायचा आणि त्यातच संसार थाटायचा. ऑक्टोबरात शेतांवर साखरबिटाच्या काढणीच्या हंगामाला, थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात, उन्हाळ्यात जिथे काम मिळेल तिथे. तू नर्सिंगचं वर्ष पुढे ढकलणार होतीस, मी कॉलेजातून आधी एका सत्राची रजा घेणार होतो, पुढचं पुढे. "चल, निघूया" हे शब्द तुझेच, मार्चमधले, तोंडात बटाट्याचे काप होते तेव्हाचे. मला वाटलं, तू विचार करून बोललीस.

गाडी तुमच्या अंगणात आणली त्या दिवशी तू वसतिगृहावर होतीस, म्हणून हे तुला माहीत नाही. तुझ्या बाबांनी गाडीला चक्कर मारली, खिशातून टेप काढली आणि केबिनच्या काचेपासून मागच्या आसापर्यंत मोजलं. म्हणाले, "पोरा, सरळ रस्त्याला ओढेल ही. तू जन्मभर सरळच जाणार आहेस का?" मग शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. ट्रेलरची मान हौद्यात टेकते. वळताना त्याचा पुढचा कोपरा केबिनकडे येतो. आठ फुटांत त्याला फिरायला जागा असते, हिच्या साडेपाच फुटांत तो थेट काचेत घुसतो. मी म्हटलं, मागे सरकणारा जोड मिळतो की. "मिळतो. माझ्याकडेच पडलाय एक. पण वळणाआधी खाली उतरून तो सोडवावा लागतो, आणि तू काही उतरणारा नाहीस."

तोच जोड बसवून ट्रेलर लावला, पण मी नाही उतरलो. चिडलो होतो, दाखवून द्यायचं होतं. फाटकापाशी कचकन वळवली आणि मागची काच फुटून माझ्या मानेवर आली.

माझ्या कॉलरमधले तुकडे वेचता वेचता तुझे बाबा सहज म्हणाले, "पण कोरीननं सांगितलं नाही होय तुला? तुम्ही बिलिंग्जला जायच्या आधीच्या रविवारी तिनं इथंच बसून विचारलं होतं, कुठला हौदा लागेल म्हणून. मी म्हटलं, आठ फुटी. छोटा आणलात तर ट्रेलर या फाटकातूनसुद्धा बाहेर पडणार नाही." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि झाडू आणायला निघून गेले.

म्हणजे तुला माहीत होतं. मी खडीत लोळत आपल्या घराचा पाया तपासत होतो आणि तू ते घर हलवूच न शकणारी गाडी निवडत होतीस. "मला नाही यायचं" एवढे तीन शब्द तुला जड झाले. मला तोंडावर हाकललं असतंस तरी इतकं लागलं नसतं.

काल फोनवर म्हणालीस, "तुझ्याच भल्यासाठी केलं रे. ट्रेलर हलला नाही तर तू कॉलेज सोडणार नाहीस, असं वाटलं. एका सत्राची रजाच आहे ना? जानेवारीत परत जा. काय बिघडलंय?" मी फोन आपटला. उत्तर नव्हतं म्हणून नाही, होतं म्हणून. ते सांगायलाच हे पत्र लिहितोय. रजा नाहीच, कोरीन. ती मी रचलेली थाप. तू गाडीवर हात ठेवलास तेव्हा मी कॉलेजातून कायमचं नाव काढून घेतल्याला चार दिवस झाले होते. दक्षिणेकडे शे-दोनशे मैल गेल्यावर सांगणार होतो, तुला "परत फिर" म्हणता येऊ नये म्हणून. तू मला वाचवायला निघालीस तेव्हा वाचवायचं काही उरलंच नव्हतं, आणि हे मी तुझ्यापासून लपवलं. तू मला फसवलंस हे खरं. पण आधी मी.

तुझे बाबा आठ फुटीशी अदलाबदल करून देतो म्हणाले, ट्रेलरही घेऊन जा म्हणाले. नको म्हटलं. बिटाच्या हंगामाला मी एकटा चाललोय, काचेच्या जागी प्लॅस्टिक लावून. हे तुमच्या ट्रेलरच्या टेबलाशी बसून लिहिलंय. पत्र इथेच ठेवतो, बाबा तुला देतील. आता उठतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

आजपर्यंत तुझाच,
डाल्टन